भयकादंबरी वाचून मुलांची शब्दसंपत्ती खरोखर वाढते का?

अक्षरपालक (प्रश्न)

माझी मुलगी नववीत शिकते. घरी आम्ही मराठीच बोलतो, परंतु तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून होत असल्यामुळे तिचे मराठी वाचन पाठ्यपुस्तकापलीकडे फारसे गेलेले नव्हते. नावाजलेल्या कादंबऱ्या आणि चरित्रे मी तिच्यासमोर ठेवून पाहिली, पण थोडी पाने वाचून ती बाजूला पडत. अलीकडे मात्र एक जुनी मराठी भयकादंबरी तिच्या हाती लागली आणि तिने ती अधाशासारखी वाचून काढली. आता त्याच प्रकारचे दुसरे पुस्तक तिच्या उशाशी आहे. तिने आपणहून मराठी पुस्तक मागावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि माझ्या उतावीळपणामुळे ती हातची जाऊ नये, म्हणून येथे विचारत आहे.

पुस्तक संपल्यावर मी बोलता बोलता तिला काही शब्द विचारले. ‘तावदान’ म्हणजे खिडकीचा तो भाग, ज्याला चेहरा टेकवून बाहेरचा माणूस आत बघत होता, असे तिने सांगितले, आणि ते बरोबरच आहे. ‘कोयंडा’ हे दाराशी संबंधित काहीतरी असावे, इतकेच तिला उमगले होते. ‘कुबट’ म्हणजे नकोसा वाटणारा वास, असे ती म्हणाली. ‘निर्विकार’ या शब्दाचा अर्थ मात्र तिने ‘क्रूर’ असा लावला होता, कारण कादंबरीत ज्याचे डोळे निर्विकार होते तो माणूस क्रूर निघाला. यापैकी एकाही शब्दासाठी ती थांबली नव्हती. पुढे काय होते हे कळण्याच्या ओढीने ती शब्द ओलांडत गेली होती.

आता मला असे विचारायचे आहे की, अडलेले शब्द वहीत लिहून ठेवण्याची सवय तिला या टप्प्यावर लावावी, की वाचन आहे तसे चालू द्यावे? दुसरे असे की, भयकथेतले शब्द भयकथेपुरतेच राहतात का? पिशाच्च, कवटी, स्मशान या शब्दांचा साठा वाढून तिला एखादा अग्रलेख समजणार असेल, तर तो कसा, हे मला अजून नीट दिसत नाही. भीतीमुळे तिच्या झोपेवर किंवा मनावर परिणाम झाल्याचे जाणवत नाही, त्यामुळे चर्चा कृपया भाषेच्या अंगानेच व्हावी, अशी विनंती आहे.


फळ्यापाशी

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, म्हणून प्रथम वहीच्या प्रश्नाबद्दल लिहिते. पहिल्या वाचनात तिला अजिबात थांबवू नका. भयकादंबरीची सगळी बांधणी वाचकाला थांबू न देण्यासाठी केलेली असते, आणि ज्या मुलीला आजवर मराठी पुस्तक पुढे ओढून नेत नव्हते, तिच्या बाबतीत ती ओढ हेच सर्वांत मोठे भांडवल आहे. दर परिच्छेदाला पेन उचलावे लागले, तर प्रसंगाचा ताण सुटतो, आणि ताण सुटला की तिच्या हातात उरते ते पुन्हा एक पाठ्यपुस्तकच.

तरीही पुस्तक तिच्या आवाक्यातले आहे की नाही, हे तपासून घेणे आवश्यक आहे. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले होते की, मजकुरातील शंभरापैकी ऐंशीच शब्द ओळखीचे असतील तर कथा कोणालाच पुरेशी समजत नाही, आणि बाहेरची मदत न घेता ती बहुतेकांना समजण्यासाठी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. हा आकडा इंग्रजीचा आहे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून शब्दांची रूपे बदलणाऱ्या मराठीला तो जसाच्या तसा लावू नये. पण अंदाजासाठी तो उपयोगी पडतो. पुस्तकाच्या मधले एखादे पान काढा आणि तीनशे शब्दांच्या त्या पानात अपरिचित शब्द किती आहेत, ते तिलाच हळूच खुणा करून दाखवायला सांगा. पाच-सहा खुणा झाल्या तर काळजीचे कारण नाही. तीसच्या पुढे गेल्या, तर ती केवळ कथानकाच्या जोरावर पुढे जात आहे आणि शब्द तिच्या हाती फारसे लागत नाहीत, असे समजावे.

आता या साहित्यप्रकाराविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्याची भाषेच्या दृष्टीने योग्यता आपण नेहमी कमी लेखतो. भयकथेत बराच काळ काहीच घडत नाही. लेखक वाचकाला एका जागी उभे करतो आणि त्या जागेची प्रत्येक वस्तू पुन्हा पुन्हा दाखवतो: तोच जिना, तोच कठडा, तोच किलकिला दरवाजा, तोच वास. इतर कादंबऱ्यांत एखादा वर्णनपर शब्द एकदा येऊन नाहीसा होतो. येथे तो दुपारी येतो, संध्याकाळी येतो आणि मध्यरात्री येतो तेव्हा त्याच्याबरोबर भीतीही आलेली असते. एकाच शब्दाची वेगवेगळ्या प्रसंगी अशी भेट घडवून आणण्यासाठी आम्हा शिक्षकांना मुद्दाम स्वाध्याय रचावे लागतात.

शिवाय भयकथेत काहीही स्पष्ट दिसून चालत नाही. त्यामुळे लेखकाला नेमक्या काळ्या-पांढऱ्या रंगांऐवजी काळसर, काळपट, पांढुरका, तांबूस, हिरवट असे रंगांच्या जवळपास जाणारे शब्द वापरावे लागतात; आकृती अंधूक, पुसट किंवा धूसर असते; दिवा लख्ख उजळत नाही, तो मिणमिणतो. ज्योतीचेच उदाहरण घ्या. ती शांतपणे तेवते, वाऱ्याने फडफडते, तेल संपत आले की मिणमिणते, वात मोठी असेल तर ढणढणते, आपोआप विझते आणि कोणीतरी मालवली तर मालवते. शेवटच्या दोन क्रियापदांत तर कथानकच दडलेले असते, कारण दिवा विझला की कोणी मालवला, या प्रश्नावर भयकथेचे अख्खे प्रकरण उभे राहू शकते. मुलीला या दोन शब्दांतील फरक विचारून पाहा. ती वाक्यात सांगू शकली नाही तरी, वाचताना कोणत्या शब्दाने तिला जास्त भीती वाटली हे ती नक्की सांगेल.

शांततेचेही तसेच आहे. रस्त्यावर शुकशुकाट असतो, निजानीज झाल्यावर घरात सामसूम होते, घाबरलेली मुले चिडीचूप बसतात आणि रात्र नीरव असते. अर्थ विचारला तर चारही ठिकाणी आपण ‘शांतता’ असेच उत्तर देऊ, पण यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवला की वाक्य लंगडते. ही जाण पाठांतराने येत नाही, प्रसंगातून येते.


कोशवाचक

‘भयकथेतले शब्द भयकथेपुरतेच राहतात का’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम लिहीत आहे, कारण ते अगदी ठामपणे ‘नाही’ असे आहे. आपण पिशाच्च आणि कवटी हे शब्द उदाहरणादाखल दिले आहेत. ते तर तिला आधीपासून माहीत असणार. भयकादंबरीतून मिळणारे खरे धन वेगळे आहे. वृत्तपत्रांतील गंभीर लेखांची भाषा आपण लक्षपूर्वक वाचलीत, तर भुताखेतांच्या, अंधाराच्या आणि बंद दारांच्या अनुभवातून आलेले किती शब्द तिथे नित्य वावरतात, हे आपल्या लक्षात येईल.

पाणीटंचाईचा प्रश्न शहराला ‘भेडसावतो’. निवडणुकांवर मंदीचे ‘सावट’ असते. शेतकरी कर्जाच्या ‘विळख्यात’ सापडतो, जुनी जबाबदारी नव्या अधिकाऱ्याच्या ‘मानगुटीवर’ बसते, एखादा संशोधक एकाच कल्पनेने ‘झपाटलेला’ असतो, एखादी शंका वर्षानुवर्षे माणसाला ‘पछाडते’, आणि कराराच्या मार्गात एक ‘अडसर’ येतो. आज बहुसंख्य मुलांना अडसर म्हणजे अडथळा एवढेच ठाऊक असते. ज्या मुलीने कादंबरीत, बाहेरून कोणीतरी दार ढकलत असताना थरथरत्या हातांनी दारामागे आडवा सरकवलेला लाकडी अडसर पाहिला आहे, तिला अग्रलेखातला अडसर वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मूळ वस्तू डोळ्यांसमोर असली की लाक्षणिक अर्थ आपोआप उलगडतो. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या बाबतीत नेमके उलटे घडते, त्यांना लाक्षणिक अर्थ आधी भेटतो आणि मूळ वस्तू कधीच भेटत नाही.

‘चाहूल’ हा माझा अत्यंत आवडता शब्द आहे. कोणीतरी जवळ येत आहे, हे पावलांच्या आवाजावरून किंवा किंचित हालचालीवरून जाणवणे, पण ते कोण आहे हे अद्याप न दिसणे, असा तो भाव आहे. भयकथेचा तो जणू प्राणच आहे. पण हाच शब्द पावसाची चाहूल, वसंताची चाहूल, सत्तांतराची चाहूल असा कितीतरी ठिकाणी येतो, आणि जिने तो जिन्यावरच्या पावलांसह अनुभवला आहे तिला या सर्व प्रयोगांत ‘अजून दिसत नाही, पण येत आहे’ हा धागा सहज सापडेल.

कोशाविषयी एक सूचना करतो. शब्दाचा अर्थ तिने आधी स्वतः अंदाजाने सांगावा आणि मगच कोश उघडावा. क्रम उलटा झाला तर कोशातला पहिला अर्थ चिकटतो आणि तो त्या ठिकाणचा असेलच असे नाही. मी एक वाक्य रचून दाखवतो: ‘कडी निघाल्याचा आवाज झाला, पण दार उघडले नाही; फटीतून फक्त काजळीचा उग्र दर्प आत शिरला.’ ‘दर्प’ हा शब्द कोशात पाहिला तर गर्व, ताठा हा अर्थ समोर येतो. वाक्यात तो बसत नाही. ज्या वाचकाने आधी अंदाज केला आहे तो कोशात खाली उतरतो आणि तीव्र वास हा दुसरा अर्थ शोधून काढतो. ज्याने अंदाज केलेला नाही तो काजळीला गर्व कसा झाला, या कोड्यात पडतो किंवा त्याहून वाईट म्हणजे विचार न करता पुढे जातो.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. हे दोन्ही कोश आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. इंग्रजी माध्यमातील मुलीला मोल्सवर्थ विशेष सोयीचा वाटेल, कारण अर्थ इंग्रजीत आहेत, आणि करकर, किरकिर, सळसळ, खुसफुस यांसारख्या ध्वनींच्या अनुकरणातून झालेल्या शब्दांना त्या कोशात सन्मानाची जागा मिळालेली आहे. बिजागरी करकरते, पाला सळसळतो, बंद खोलीत कोणीतरी खुसफुसते: या शब्दांशिवाय मराठी भयकथेचे पान पुढे सरकत नाही, आणि बोलीभाषा सोडली तर इतर ठिकाणी ते मुलांना फारसे ऐकायलाही मिळत नाहीत.


दोन भाषांमधला

वरील दोन्ही प्रतिसाद मला आवडले, तरीही त्यांतून जो आशावाद व्यक्त होतो त्याला थोडा आवर घालणे मला गरजेचे वाटते. वाचनातून शब्द आपोआप शिकले जातात हे खरे, पण किती शिकले जातात आणि किती टिकतात, हे पाहिले पाहिजे.

याविषयीचा एक प्रसिद्ध प्रयोग १९७८ सालचा आहे. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ सालच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत रशियन भाषेवरून बेतलेले शेकडो विचित्र शब्द कोणतेही स्पष्टीकरण न देता वापरलेले आहेत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा वाचकांना ही कादंबरी वाचायला देऊन काही दिवसांनी त्यातील ९० शब्दांची चाचणी अचानक घेण्यात आली, आणि पर्यायांमधून अर्थ निवडताना त्यांची सरासरी सुमारे ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. हा निकाल पुष्कळदा मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. परंतु ते शब्द पुस्तकात वारंवार येतात, उत्तरे पर्यायी होती आणि वाचकांना उरलेले प्रत्येक वाक्य पूर्णपणे कळत होते, या तीन गोष्टी सोबत सांगितल्या जात नाहीत.

याउलट वारिंग आणि ताकाकी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपानमधील इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थिनींना एक सोपी केलेली गोष्ट वाचायला दिली होती आणि त्यातील २५ शब्दांच्या जागी मुद्दाम बनावट शब्द घातलेले होते. तीन महिन्यांनंतर पर्याय न देता अर्थ विचारला, तेव्हा सरासरी २५ पैकी एकच शब्द आठवत होता, आणि जे शब्द आठपेक्षा कमी वेळा आले होते त्यांपैकी तर एकही नाही. म्हणजे एका कादंबरीत एक-दोनदा भेटलेला ‘कोयंडा’ पुढच्या सहामाहीपर्यंत टिकेल, अशी अपेक्षा धरणे योग्य होणार नाही.

भीती आपल्या बाजूने काम करते, हे म्हणणेही अर्धेच खरे आहे. भावना उद्दीपित झालेली असताना लक्ष मध्यवर्ती गोष्टीवर एकवटते आणि कडेच्या गोष्टी निसटतात, हे मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. खिडकीबाहेरचा चेहरा तिच्या लक्षात राहिला आणि त्या चेहऱ्याने ‘तावदान’ हा शब्दही सोबत आणला, कारण चेहरा तावदानालाच टेकलेला होता. कोयंडा कडेला होता, म्हणून तो राहिला नाही. ‘निर्विकार’चे काय झाले, ते तर अधिकच शिकण्यासारखे आहे. क्रूर माणसाच्या डोळ्यांना लावलेले विशेषण क्रूरतेचेच असणार, हा तिचा तर्क सुसंगत होता. पण निर्विकार म्हणजे ज्यावर कोणत्याही भावनेचा बदल उमटत नाही असा, आणि त्या प्रसंगात भीती तर त्यामुळेच होती की तेथे क्रूरपणासुद्धा दिसत नव्हता. चुकीचा अर्थ लावून पुढे गेल्यामुळे तिचे शब्दाचे नुकसान झालेच, पण प्रसंगाची धारही थोडी बोथट झाली. संदर्भ नेहमी बोलका असतो असे नाही. कधी कधी तो आत्मविश्वासाने चुकीच्या वाटेला लावतो.

म्हणून माझे मत असे आहे की पहिले वाचन मोकळे सोडावे, यात दुमत नाही; पण पुस्तक मिटले की काम संपले, असे समजू नये. तिला सर्वांत जास्त भीती वाटली ती दोन-तीन पानेच पुन्हा वाचावीत. आता पुढे काय होते हे माहीत असते, त्यामुळे लक्ष कडेच्या शब्दांकडे वळू शकते. त्या पानांतले मोजके शब्द चिठ्ठ्यांवर लिहावेत. चिठ्ठीवर सुटा शब्द नव्हे, तर तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य असावे. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने त्या पुन्हा पाहाव्यात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून हे ठाऊक आहे की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि नंतरच्या अधिकाधिक अंतराने ठेवाव्यात. शब्द थोडेच घ्यावेत. वही भरण्याच्या हव्यासाने चिठ्ठ्यांचा ढीग झाला, तर वाचनच नकोसे होईल आणि वर व्यक्त झालेली भीती खरी ठरेल.


अक्षरपालक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पानावर खुणा करण्याची चाचणी करून पाहिली. दहाच्या आत खुणा झाल्या, त्यामुळे पुस्तक तिच्या आवाक्यात आहे असे दिसते. विझणे आणि मालवणे यांतील फरक विचारला, तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, “मालवला म्हणजे खोलीत कोणीतरी आहे.” मला याहून चांगले सांगता आले नसते. ‘निर्विकार’ हा शब्द आम्ही त्या पानावर परत जाऊन एकत्र वाचला आणि खरा अर्थ कळल्यावर, आता तो प्रसंग जास्त भीतिदायक वाटतो, असे ती आपणहून म्हणाली.

यातून एक नवी अडचण पुढे आली आहे. तिने त्याच धर्तीवर स्वतः एक छोटी गोष्ट लिहिली. वाचताना ओळखू येणारे सगळे शब्द लिहिताना मात्र कुठेतरी लपून बसतात. तिच्या गोष्टीत रात्र भयानक आहे, घर भयानक आहे, आवाज भयानक आहे आणि मुलगा भयानक घाबरलेला आहे. वाचनात कळलेला शब्द लेखणीत उतरवण्यासाठी काय करावे?


रसविचार

ही अडचण तिची एकटीची नाही. ‘भयानक’ हा शब्द आज सर्वांनीच वापरून इतका गुळगुळीत केला आहे की भयानक ऊन आणि भयानक सुंदर असेही आपण सर्रास म्हणतो. शास्त्रात मात्र या शब्दाला फार नेमकी जागा आहे, आणि त्या जागेचा उपयोग तिला लिहिताना होईल, असे मला वाटते.

भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत त्यांत भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, भय, तर बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयकथेत दोन्ही येतात, पण लिहिणाऱ्याला आपण या क्षणी कोणता रस उभा करत आहोत हे ठाऊक असावे लागते. जिन्यावरची पावले, बंद खोलीतला उजेड आणि हळूहळू फिरणारी दाराची मूठ हा भयाचा प्रांत आहे. तेथे चाहूल, धास्ती, धडकी, हुरहूर, दचकणे हे शब्द काम करतात. कुजट, लिबलिबीत, बुळबुळीत, ओशट, बरबटलेला हे शब्द दुसऱ्या प्रांतातले आहेत. तिने वाचलेल्या कादंबरीतील एक भीतीचे आणि एक किळसेचे पान शेजारी ठेवून दोन्हींतील विशेषणे आणि क्रियापदे तिलाच वेगळी काढू द्यावीत. आजवर ‘भयानक’ या एकाच खणात टाकलेल्या गोष्टी मुळात दोन होत्या, हे तिला तेथे दिसेल.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक उपयोगाची आहे. त्याच ग्रंथात आठ सात्त्विक भाव दिलेले आहेत, म्हणजे भावनेचे शरीरावर आपोआप उमटणारे परिणाम: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ही जणू घाबरलेल्या माणसाचीच यादी वाटते, आणि यांतील प्रत्येकासाठी मराठीत रोजच्या वापरातले जिवंत वाक्प्रचार आहेत. स्तंभ म्हणजे पाय जागच्या जागी खिळणे, स्वेद म्हणजे दरदरून घाम फुटणे, रोमांच म्हणजे अंगावर सर्रकन काटा येणे. स्वरभंगाला आपण बोबडी वळणे म्हणतो किंवा तोंडातून शब्द फुटेना असे लिहितो. वेपथू म्हणजे लटलट कापणे, वैवर्ण्य म्हणजे चेहरा पांढराफटक पडणे, आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. डोळ्यांत पाणी तरारणे तेवढे भीतीपेक्षा इतर प्रसंगी अधिक येते. ‘रोमांच’ हा शब्द आता आपण बहुधा आनंदाच्या किंवा साहसाच्या थरारासाठी वापरतो, पण मुळात तो अंगावरच्या केसांशी निगडित आहे आणि कोणत्या भावनेने ते उभे राहिले याचे बंधन त्याला नाही.

आता तिचे वाक्य घ्या: ‘मुलगा भयानक घाबरला.’ तिला असे सांगा की घाबरणे या धातूचे कोणतेही रूप न वापरता हे वाक्य पुन्हा लिहायचे आहे. त्या मुलाच्या शरीराचे काय झाले तेवढेच सांगायचे. ‘त्याचे पाय उंबरठ्यावरच खिळले. आईला हाक मारायची होती, पण ओठ नुसतेच हलले.’ एवढे झाले तरी पुरे. वाचताना ओळखीचे झालेले वाक्प्रचार अशा वेळी पृष्ठभागावर येतात, कारण नेहमीची वाट बंद केलेली असते. सर्व आठ एकाच परिच्छेदात घालण्याचा मोह मात्र होऊ देऊ नये. पात्राला एकाच ओळीत घाम, कंप आणि मूर्च्छा आली की भीती जाते. एका प्रसंगाला एक, फार तर दोन, आणि तेही त्या माणसाच्या स्वभावाला धरून असावेत; बोलघेवड्या मुलाची बोबडी वळलेली जितकी जाणवेल, तितकी अबोल मुलाची जाणवणार नाही.


फळ्यापाशी

वरील स्वाध्याय मी माझ्या वर्गात याच आठवड्यात घेऊन पाहणार आहे. अक्षरपालक, आपल्या मुलीच्या दुसऱ्या वाचनासाठी पाने निवडताना एक गोष्ट सुचवते. सर्वाधिक भीतीच्या पानांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष त्या पानांकडे द्यावे जिथे पात्र त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकते. तिथे अजून काहीच घडलेले नसते, वर्णन सावकाश चाललेले असते आणि पुढे ज्या वस्तू भीतीच्या प्रसंगी पुन्हा येणार आहेत त्या बहुतेक सगळ्यांची नावे, कडी-कोयंड्यासकट, तिथेच एकदा घेतलेली असतात. पहिल्या वाचनात मुले नेमकी हीच पाने भराभर उलटतात. तिला ती मोठ्याने वाचू द्या. जिथे शब्दाचा उच्चार अडखळतो तिथे अर्थही बहुधा अडखळलेला असतो, आणि त्यासाठी आपल्याला वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.